खराब नग कोणाच्या नावावर लिहायचा?

(सामुदायिक रेडिओवरील ‘बचत गटाची शिदोरी’ या सदरातील भाषण)

आज मी कापडावरच्या छपाईबद्दल बोलणार आहे. छपाई कशी करायची हे तुमच्यापैकी बऱ्याच जणी शिकल्या आहेत. छापताना जे वाया जाते, जो माल खराब निघतो, त्याबद्दल मात्र आपण बैठकीत फारसे बोलत नाही. तो माल टेबलाखाली सरकवतो आणि मनातल्या मनात कोणाला तरी दोष देतो. मीही हेच केले आहे. म्हणून आधी माझी चूक सांगते.

एका संस्थेच्या शिबिरासाठी आमच्या गटाला ३०० कॅनव्हासच्या पिशव्यांचे काम मिळाले होते. जाड सुती कापड, त्यावर एका रंगात स्क्रीनने छाप. माल दिला, पैसे आले. पंधरा दिवसांनी फोन आला, की काही पिशव्यांचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. एकूण ३८ पिशव्या परत आल्या. त्या छापल्या त्या दिवशी टेबलावर एकच ताई होती. ती म्हणाली, “मी तं रोजच्यावाणीच रबर ओढलं, ताई. कापडच रंग घेऊन नाही राहिलं. मले काहून बोलता?” आम्ही ऐकले नाही. त्या ३८ पिशव्यांची मजुरी आणि रंगाचे पैसे तिच्या हिशोबातून कापले. तिने काही वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला मात्र ती आली नाही.

दोन महिन्यांनी त्याच कापडाचा उरलेला तुकडा मी टेबल पुसायला घेतला. त्यावर पाणी सांडले, तर थेंब आळूच्या पानावर राहतो तसा वरच राहिला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ३०० पिशव्यांना तीन तागे लागले होते. पहिले दोन आम्ही धुऊन घेतले होते. तिसरा उशिरा आला, तारीख जवळ होती, म्हणून “धुवायला वेळ नाही, असाच कापा” असे मीच सांगितले होते. परत आलेल्या ३८ पिशव्या त्याच तिसऱ्या ताग्याच्या होत्या. म्हणजे पिशवी खराब झाली ती छापणाऱ्या ताईच्या हातून नव्हे. ती माझ्या एका वाक्याने, छपाईच्या दोन दिवस आधीच खराब झाली होती.

आज मला सांगायचे आहे ते एवढेच. खराबी जिथे दिसते, तिथे ती बहुतेक वेळा जन्मलेली नसते. ती मागे कुठेतरी झालेली असते. मागे जाऊन शोधली, तर माल वाचतो, आणि माणूसही वाचते.

कोऱ्या कापडाची खळ

आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकून आलेल्या घरांतल्याच आपण बाया. पण विणून आलेले कापड आणि छपाईला तयार कापड यात मोठा फरक असतो. मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावतात. शिवाय कापसाच्या धाग्याला स्वतःचे थोडे मेण आणि तेलकटपणा असतो. मांजरपाट असो, कॅनव्हास असो, ते कोरे असेल तर रंग या थरावरच बसतो, धाग्यात शिरत नाही. छापताना छान दिसतो. पहिल्या धुण्यात खळ निघते आणि खळीबरोबर रंगही निघून जातो.

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. सकाळी ते पाणी फेका. मग एका किलो कापडाला साधारण २० ते ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून, कापड पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात तासभर उकळा. सोड्याच्या पाण्यात हात घालू नका, काठीने हलवा. नंतर दोनतीन पाण्यांतून स्वच्छ काढा. कापड वाळले की त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच पसरून आत शिरला तर कापड तयार. थेंब वर उभा राहिला तर पुन्हा उकळा. या तपासणीला एक पैसाही लागत नाही. आमचे ३८ नग या एका थेंबाने वाचले असते.

धुण्याचा दुसरा फायदा म्हणजे कापड आधीच आटून जाते. नवा तागा आला की एका कोपऱ्यावर पेन्सिलने २० इंच बाय २० इंचाचा चौकोन आखा, तेवढा तुकडा कापून धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. २० चे १९ झाले, तर ते कापड शंभराला पाच आटते. न धुता ३६ इंच लांब कापलेला तुकडा मग धुतल्यावर ३४ इंचांच्या आसपास येईल. पिशवी आखूड होईल, आणि छापाच्या कडेला चुण्या पडतील.

कात्रीच्या आधी टेप

आमची पिशवी १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच. खाली घडी येते, म्हणून उंची दुप्पट, ३२ इंच. वरच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन इंच दुमड. झाले ३६. रुंदीला शिलाईसाठी एक इंच जास्त, म्हणजे १५. तर एका पिशवीला ३६ बाय १५ इंचाचा तुकडा. धुतल्यावर कापडाचा पन्हा ३६ इंच भरत असेल, तर पन्ह्याच्या बाजूने लांबी बसते आणि ताग्यातून एका पिशवीला १५ इंच लागतात. बंद आम्ही निवारपट्टीचे घेतो.

आता ५० मीटर कापड घ्या. ते एक-एक मीटर फाडले, तर एका मीटरमध्ये, म्हणजे साधारण ३९ इंचांत, दोन पिशव्या बसतात आणि नऊ इंच उरतात. ५० मीटरच्या १०० पिशव्या. दोन-दोन मीटर कापले, तर प्रत्येक तुकड्यात पाच बसतात. १२५ पिशव्या. तागा अखंड ठेवून सलग मोजत गेलात, तर १३१ पिशव्या. कापड तेच, कात्री तीच, आणि १०० आणि १३१ मधला फरक फक्त टेप कुठून लावला याचा. सुरुवातीला आम्ही “मीटरला दोन” असाच हिशोब करायचो. कारण दुकानदार मीटरने देतो, म्हणून आपणही मीटरने कापतो.

कापण्याआधी कापड उजेडात पसरून पाहायचे. विणीत सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला, की तिथे रंगीत खडूने फुली मारायची. फुलीवर छाप येणार नाही असा तुकडा काढायचा. नाहीच जमले, तर तो भाग लहान बटव्याला ठेवायचा.

हा हिशोब पिशवीपुरता नाही. भिंतीवर लावायची चित्रे कॅनव्हासवर छापून मिळतात. मोठ्या शहरांत मशीनने छापतात आणि लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. कोणाच्या लेकीने असे काम धरले, तर तिलाही हेच सांगा. चौकटीवर वळवायला चारही बाजूंनी साधारण दोन-दोन इंच कापड जास्त लागते. १२ बाय १८ इंचाच्या चित्राला १६ बाय २२ इंच कापड. चित्र २१६ चौरस इंचाचे आणि कापड ३५२ चौरस इंच. चित्र जितके लहान, तितका कडेचा वाटा मोठा. म्हणून लहान चित्राचा भाव ठरवताना फक्त चित्राचे माप धरले, तर घाटा ठरलेला. त्या कापडावर छपाईसाठी खास लेप असतो. छापण्याआधी मऊ ब्रशने त्यावरची तुसे झाडली नाहीत, तर तूस नंतर गळते आणि तिथे पांढरा ठिपका राहतो. छापलेले चित्र घडी घालून ठेवले, तर घडीवर लेप तडकतो. ते गुंडाळूनच ठेवायचे, छापलेली बाजू बाहेर ठेवून.

टेबलावर दिसणारे दोष

आता छापतानाचे दोष. सगळे सांगत नाही, जे आपल्याला वारंवार त्रास देतात तेवढे घेते.

छाप अर्धवट किंवा पुसट येतो. मे महिन्यात हा दोष फार. आपल्या वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पंख्याखाली ठेवलेल्या स्क्रीनच्या जाळीत पाण्याची पेस्ट बघता बघता वाळते. मग आपण रबर आणखी जोरात दाबतो. त्याने कडा पसरतात, पण छाप भरत नाही. उन्हाळ्यात छपाई पहाटे सुरू करा, टेबलावरचा पंखा बंद ठेवा, शेजारी ओले फडके ठेवा. मिनिटभर थांबायचे असेल, तर जाळीवर पेस्टचा थर पसरून ठेवा, जाळी उघडी ठेवू नका. चहाला जायचे असेल, तर पेस्ट काढून जाळी धुऊनच जा. जाळीत पूर्ण वाळलेला रंग नंतर निघत नाही, आणि स्क्रीनच फेकावी लागते.

रंग पसरतो, अक्षरांचे पोट भरते. हा पावसाळ्यातला दोष. कापड वाळलेले वाटते पण आत ओल असते. छापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर गरम इस्त्री फिरवा. ओल जाते आणि चुण्याही जातात. पेस्ट पातळ करायला पाणी घातले असेल, तरी हेच होते. पेस्ट घट्ट वाटली, तर दुकानातून मिळणारे तिचेच पातळ करायचे मिश्रण घ्या, नळाचे पाणी नको.

नको तिथे ठिपके येतात. स्क्रीन उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतील. मागून चिकटपट्टी लावा किंवा कोटिंगचा थेंब लावून वाळवा. हे पहिल्या नगाआधी करायचे, विसाव्या नगानंतर नाही.

छाप दुहेरी येतो. कापड हलले, नाहीतर रबर दोनदा ओढताना फ्रेम सरकली. फ्रेमला बिजागरी हवी आणि टेबलावर कापड ठेवायची जागा पट्टीने आखलेली हवी. आमच्या पिशवीत छापाचा मध्य वरच्या काठापासून १० इंचांवर येतो. हे माप टेबलावरच लिहून ठेवले आहे. आणखी एक गंमत ऐका. पिशवी खाली घडीची असते. दोन्ही बाजूंना छाप हवा असेल, तर दुसरा छाप मारताना तुकडा उलटा फिरवावा लागतो. नाही फिरवला, तर शिवल्यावर एका बाजूचे मोर डोक्यावर उभे राहतात. आमचे राहिले होते.

लाकडी ठसे वापरणाऱ्या आणि नैसर्गिक रंग करणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट. हिरड्यात भिजवलेल्या कापडाला लोखंड लागले, की काळा डाग पडतो. काळा रंग करताना आपण हाच गुण वापरतो. पण गंजकी बादली, गंजकी तार, टाचणी याच गुणाने आपला माल बिघडवते. अशा कापडाला प्लास्टिकची किंवा स्टीलची भांडी वापरा आणि वाळवायला नायलॉनची दोरी.

सगळ्यात शेवटी उष्णता. पिगमेंटचा रंग वाळला म्हणजे पक्का झाला, असे नाही. एक दिवस सावलीत वाळू द्या. मग छापावर पातळ कापड टाकून, वाफ न सोडता, सुती कापडाच्या आचेवर इस्त्री फिरवत राहा. किती मिनिटे, ते रंगाच्या डब्यावर लिहिलेले असते. ते वाचा आणि तेवढी करा. दर वेळी एक नमुना जास्तीचा छापा. तो साबणाने धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. फडक्याला रंग लागला, तर बाकीचा माल शिवायला देऊ नका.

चूक उशिरा सापडली की महाग पडते

हिशोबापुरते आकडे धरू. पिशवीला कापड ३० रुपये, छपाई ८, बंद ५, शिलाई १०. एकूण ५३. विकली ६५ ला. एका पिशवीमागे सुटले १२ रुपये. आता एक पिशवी शिवून झाल्यावर खराब निघाली, तर ५३ रुपये गेले. ते भरून काढायला चार चांगल्या पिशव्या विकल्या, तरी ५ रुपये कमीच पडतात.

शंभरातल्या पाच पिशव्या अशा शेवटी खराब निघाल्या, तर १२०० रुपयांऐवजी हातात ८७५ येतात. त्याच पाच छपाईच्या टेबलावर, शिवण्याआधी बाजूला काढल्या, तर ९५० येतात. कापतानाच सापडल्या, तर ९९०, आणि त्या तुकड्यांचे बटवे होतात ते वेगळे. म्हणून तपासणी शेवटी एकदा नको. कापडावर एकदा, छापल्यावर एकदा, शिवल्यावर एकदा, अशी तीनदा हवी. आणि जिने छापले तिने तपासायचे नाही. दुसरीने तपासायचे. आपल्याच हाताची चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

खराब निघालेल्या मालाचे आम्ही तीन ढीग करतो. पहिला ढीग म्हणजे थोडा दोष, पण वापराला उत्तम. तो गावच्या बाजारात दोष दाखवून, कमी भावात विकतो. लपवून विकत नाही. दुसरा ढीग म्हणजे छाप बिघडला, कापड चांगले. त्यावर गडद रंगाचा मोठा ठसा मारतो, किंवा ते उलटे करून अस्तराला लावतो. तिसरा ढीग कात्रणांचा. त्यातून बटवे, भांडी धरायची फडकी, गोधडीचे ठिगळ. आपल्या आज्यांना हे शिकवावे लागले नाही. आणि आपण तर वर्ध्याच्या. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तो इथेच, मगनवाडीत. जे. सी. कुमारप्पांनी गावच्या उद्योगांचे काम तिथूनच चालवले. मगन संग्रहालय १९३८ पासून तिथे उभे आहे. खादी, नैसर्गिक रंग पाहायचे असतील, तर गटाची एक सहल तिकडे न्या.

फ्रेमवर उरलेली पेस्ट मात्र मोरीत सोडू नका. पट्टीने खरवडून डब्यात परत भरा, झाकण घट्ट लावा. धुण्याचे पाणी विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर जाऊ द्या.

वाया-वही

आता पुन्हा त्या ताईकडे येते. चूक कळली, तेव्हा मी बैठकीत उभी राहून सांगितले, की तागा न धुता कापायला मी सांगितले होते. ठराव झाला आणि तिची कापलेली मजुरी तिच्या घरी नेऊन दिली. तिने पैसे घेतले, चहा दिला, पण गटात परत यायला तिला चार महिने लागले. “पैशाचं काही नाही, ताई,” ती म्हणाली. “पण सगळ्यायसमोर माह्या हाताले नाव ठेवलं तुम्ही.”

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. तिला आम्ही वाया-वही म्हणतो. तिच्यात पाच रकाने आहेत. तारीख, कोणता तागा, किती नग, कोणता दोष, आणि कुठे सुरू झाला. नावाचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. सुरुवातीला काही जणी म्हणाल्या, “नाव नसेल तं सुधारणार कोण?” पण झाले उलटेच. नाव लिहायचे होते, तेव्हा खराब नग लपवले जायचे. नाव गेले, तशा बाया स्वतःहून नग आणून दाखवू लागल्या. दोन महिन्यांची पाने उलटली, तर एकाच फ्रेमचे ठिपके, दुपारी दोननंतरचे पुसट छाप असे दोष आपोआप एका ओळीत दिसले. फ्रेम बदलली, दुपारची छपाई बंद केली.

आमचा नियम आता असा आहे. खराब मालाचा घाटा गट सोसतो, एकटी बाई नाही. त्यासाठी प्रत्येक कामाचा भाव ठरवताना शंभराला पाच नग वाया जातील असे आधीच धरतो. नगावर मजुरी देतो, पण बाजूला काढलेल्या नगाचीही मजुरी देतो. नाहीतर घाईघाईत छापून वाईट नग चांगल्यात मिसळण्याचा मोह कोणालाही होईल. एखादीच्या हातून तोच दोष पुन्हापुन्हा होत असेल, तर दुसरीने आठ दिवस तिच्या शेजारी बसून शिकवायचे. दंड नाही.

पुढच्या बैठकीला एवढेच करा. टेबलाखालचा खराब माल वर काढा. तो पसरा आणि एकमेकींना विचारा, “हे कुठे सुरू झालं असेल?” कोणी केले ते विचारू नका. आणि नवा तागा आला, की आधी पाण्याचा एक थेंब.

येते मी. नमस्कार.